व्हेल्डाची बोली

व्हेल्डा नुसबाउमने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांच्या गाद्या शिवल्या. आधी अठरा वर्षं एल्खार्टच्या कारखान्यात फिरत्या घरांची बाकं शिवली. मग तिथल्या भोंग्याचा कंटाळा आला, तेव्हा नॅपनीला रेल्वे फाटकापलीकडे एक जुनं धान्याचं गोदाम भाड्याने घेऊन तिने स्वतःचं दुकान थाटलं. जुन्या मोटारी नव्याने उभ्या करणाऱ्या हौशी माणसांत तिचं नाव झालं. मिशिगनपासून केंटकीपर्यंतची माणसं तिच्याकडे सीटचे नुसते सांगाडे आणून टाकत आणि सहा महिन्यांनी गादी न्यायला येत. पण गाडी पुरी झाली की तिचा आणि गाडीचा संबंध संपला. "बसू नका हं, चुणी पडेल," असं ती चुणी घालणारीलाच सांगणारे महाभागही तिने पाहिले होते. ती नुसती हसायची आणि संध्याकाळी नवऱ्याच्या ट्रकमध्ये बसून घरी जायची. त्या ट्रकची सीट दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली होती.

हे असंच चालत राहिलं असतं, पण मध्येच क्लेटस शूपची स्टुडबेकर आली.

क्लेटस निवृत्त पोस्टमन. त्याची गाडी त्रेपन्न सालची, दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची, गडद हिरवी, वर फिकट छत. नॅपनीपासून पंचवीस मैलांवर, साउथ बेंडच्या कारखान्यात जन्मलेली. व्हेल्डाचा जन्मही त्याच सालचा. "आम्ही दोघी एका वयाच्या," ती म्हणायची, "पण डागडुजी फक्त हिचीच होतेय." क्लेटसने सहा वर्षं खपून ती गाडी चिखलातून वर काढली. गाद्यांची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "मिळेल ते हिरवं कापड लाव बाई, आता माझ्याच्याने थांबवत नाही." व्हेल्डा म्हणाली, "थांबावं लागेल." आणि तिने त्याला चौदा महिने थांबवलं. शेवटी फोर्ट वेनला एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर, तपकिरी कागदात गुंडाळलेला, त्याच सालच्या कापडाचा तागा तिला सापडला. हिरव्या विणीत चंदेरी धागा. बारा वार. एकही चूक करायला जागा नव्हती. तिने चूक केली नाही.

मागच्या हिवाळ्यात क्लेटस गेला. मुलगी दूर ओरेगॉनला. गाडी विकत मागायला व्हेल्डाने धीर करून तिला फोन लावला, तर ती हळहळली. "अहो, आठवडाभर आधी बोलायचंत ना! लिलाववाल्यांच्या कागदावर सही करून बसलेय मी."

म्हणून सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी व्हेल्डा आणि तिचा नवरा ओरिन ऑबर्नच्या लिलावाच्या मैदानावर उभे होते. तिच्या पर्समध्ये बँकेचं पत्र होतं. अकरा वर्षं शनिवारची जादा कामं करून तिने वेगळे ठेवलेले तीस हजार डॉलर. बोलीवर दहा टक्के लिलाववाल्यांचे. म्हणजे हातोडा पडायचा तर सत्तावीस हजारांपर्यंतच. ओरिनने हिशेब तिच्याकडून तीनदा वदवून घेतला होता.

"सत्तावीस," तो पुन्हा म्हणाला. "आणि त्याच्यावर?"

"त्याच्यावर घरी. तुझ्या ट्रकमधून. चिकटपट्टीवर बसून."

"टोमणा कळला मला."

"कळावा म्हणूनच मारला."

गाड्या लांबच लांब मांडवाखाली रांगेत लावल्या होत्या. माणसं वाकून, गुडघ्यांवर बसून, काही चक्क पाठीवर झोपून त्यांच्या पोटाखाली बॅटरी मारत होती. दोनशे बारा नंबरची स्टुडबेकर मधल्या रांगेत होती आणि तिच्यापाशी पाच-सहा जण जमले होते. त्यांच्यातला आवाज व्हेल्डाने लांबूनच ओळखला. तो हॉलिस पिकेट होता.

पिकेट जुन्या गाड्यांचा व्यापारी. स्वस्तात घ्यायची, चकचकीत करायची, दुपटीने विकायची. गेली वीस वर्षं तो व्हेल्डाकडे काम टाकत होता आणि प्रत्येक वेळी ठरलेल्या पैशातून काहीतरी कापून घेत होता. आत्ता त्याने स्टुडबेकरचं दार सताड उघडलं होतं आणि मागच्या सीटवर बोट टेकवून तो आजूबाजूच्यांना ज्ञान देत होता.

"हे बघा. हे काय कापड आहे? हे कुणाच्या तरी आजीच्या सोफ्याचं कापड आहे. कारखान्यातून गाडी अशी निघालीच नाही कधी. रंग छान आहे, इंजिन बरं आहे, पण आतलं सगळं उपटून फेकावं लागणार. आठ हजारांचा खड्डा आहे हा. मी तरी हात लावणार नाही."

मिशिगनहून आलेले दोघे माना हलवत पुढे गेले. टोलेडोचा एक पांढऱ्या मिशीचा माणूस होता. गळ्यातल्या पट्टीवर त्याचं नाव लिहिलं होतं, डॉक्टर फेन्विक. त्याने हातातल्या यादीवर पेन्सिलीने एक आडवी रेघ मारली. शेजारी उभ्या बायकोला म्हणाला, "चला, एक कमी झाली." आणि तोही गेला.

व्हेल्डाची कानशिलं तापली. ती पाऊल उचलणार तोच ओरिनने तिचं कोपर धरलं.

"अजिबात नाही," तो दातांतल्या दातांत म्हणाला.

"ऐकलंस ना काय बोलतोय? आजीचा सोफा!"

"बोलू दे. जेवढं बोलेल तेवढी किंमत पडेल. अगं, तो तुझंच काम करतोय फुकटात. हा मागून स्वतः बोली लावणार, हे काय मला कळत नाही? पण बाकीचे पळाले की मैदानात तुम्ही दोघंच. पंधरात मिळेल तुला, पंधरात! तोंडाला कुलूप घाल फक्त."

हे खरं होतं. आणि खरं होतं म्हणूनच व्हेल्डाला जास्त राग आला. ती निमूटपणे ओरिनच्या मागे खाण्याच्या गाड्यांकडे गेली. त्याने पावापेक्षा दुप्पट मोठं तळलेलं डुकराच्या मांसाचं कटलेट घेतलं, तिच्यासाठी हलवून फेसाळलेलं लिंबू सरबत. तिने ते न पिताच ओरिनच्या हातात दिलं. डोळ्यांसमोर फोर्ट वेनचा तो माळा येत होता. कागद सोडला तेव्हा आतून चंदेरी धागा चमकला होता, आणि ती त्या धुळीत एकटीच मोठ्याने हसली होती.

साडेबाराच्या सुमारास दोनशे बारा मंचावर आली.

मंडपात खुर्च्या भरल्या होत्या. वर उंच मेजामागे लिलाव पुकारणारा, त्याचं नाव बड हार्लेस, जाकिटातला जाडजूड माणूस, पण जीभ अशी की श्वास कधी घेतो कळू नये. खाली त्याची तीन माणसं गर्दीत फिरत होती. कुणी हात वर केला की ती "हेप!" अशी आरोळी ठोकून बोली त्याच्याकडे पोचवत. व्हेल्डा आणि ओरिन चौथ्या रांगेत होते. तिच्या हातात नंबराची पाटी होती आणि पाटीला घाम लागला होता.

"त्रेपन्न सालची स्टुडबेकर, साउथ बेंडची लेक!" हार्लेस म्हणाला. "खालची किंमत ठेवलेली नाही मंडळी, शेवटची बोली ती खरी! वीस म्हणायचं का वीस? पंधरा? बरं, दहा? दहा कोण म्हणतंय?"

व्हेल्डाने पाटी वर केली.

"हेप!"

"दहा आले, दहाला अकरा, अकरा कोण, अकरा?"

पलीकडच्या बाजूला, मंचाला टेकून उभ्या असलेल्या पिकेटने एक बोट उचललं. मी हात लावणार नाही म्हणणारा तोच पिकेट. ओरिनने बायकोला कोपराने ढोसलं, म्हणजे मी काय सांगितलं होतं.

अकरा, साडेअकरा, बारा. पिकेट पाचशे-पाचशेने चढत होता. मध्ये मागून कुणीतरी एक बोली टाकली आणि पिकेट लगेच मागे वळला. सगळ्यांना ऐकू जाईल असा तो म्हणाला, "घ्या की! पण सीट फेकायला एक टेम्पोही घेऊन या!" आजूबाजूचे हसले. मागचा माणूस गप्प झाला. साडेतेरा व्हेल्डाचे, चौदा पिकेटचे.

हार्लेसला विक्रीत आलेली मरगळ जाणवली. चौदाला ही गाडी म्हणजे त्याच्या मेजाची अब्रू जाणार. "मंडळी, आतल्या कामाबद्दल काही शंका दिसतेय. माझ्या कागदावर फक्त 'नवीन गाद्या' एवढंच लिहिलंय. कुणाला काही ठाऊक आहे का? नसेल तर चौदाला साडेचौदा. बाईसाहेब, तुमची बोली?"

व्हेल्डा उभी राहिली.

"बोली आहे. पण आधी बोलायचं आहे."

"व्हेल्डा," ओरिन खालून पुटपुटला, "देवाची शपथ आहे तुला, खाली बस."

ती बसली नाही. तिला माइक नको होता. अठरा वर्षं कारखान्याच्या मशिनींवरून ओरडून बोललेली बाई ती.

"ते कापड आजीच्या सोफ्याचं नाही. ते त्याच सालचं, त्याच गाडीचं कापड आहे. मी चौदा महिने शोधलं. खाली घोड्याच्या केसांचं भरण आहे, स्पंज नाही. चुण्या सव्वादोन इंचाच्या, मूळ सीट उसवून, मोजून घेतलेल्या. कडेचा गोट हातशिलाईचा आहे, कारण मशिनीने तो त्या वळणावर बसत नाही. मागची गादी उचला. खाली गोणपाटावर माझं नाव आणि तारीख आहे."

मग हार्लेसने मान हलवली आणि त्याच्या एका माणसाने गाडीत वाकून मागची गादी उचलली. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग मान वर काढून ओरडला, "व्ही. नुसबाउम, नॅपनी, इंडियाना! आणि खालून तर वरच्यापेक्षा सुबक आहे हो!"

मंडपात हशा पिकला. पिकेटचा चेहरा उतरला, पण तो गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"स्वतःचंच काम ना! वाखाणणारच ती!"

"वाखाणून मला काय मिळणार, हॉलिस?" व्हेल्डा म्हणाली. "गाडी घ्यायला मीच आलेय. तोंड मिटून बसले असते तर पंधरात घेऊन गेले असते. आत्ता बोलून मी माझेच पैसे वाढवून घेतेय. पण माझ्या शिवणीला तू सोफा म्हणशील आणि मी ऐकून घेईन, हे व्हायचं नाही."

टाळ्या मागच्या रांगेतून सुरू झाल्या आणि पुढे आल्या. ओरिनने टोपी डोळ्यांवर ओढली. टाळ्या ओसरायच्या आतच डाव्या बाजूने आरोळी आली, "हेप!"

डॉक्टर फेन्विक. यादीवरची रेघ त्याने बहुधा खोडून टाकली होती.

"पंधरा आले! पंधराला सोळा!" हार्लेसच्या जिभेला आता पंख फुटले. सोळा व्हेल्डा. सतरा मिशिगनवाले. अठरा डॉक्टर. साडेअठरा पिकेट. एकोणीस, वीस. मिशिगनवाले एकवीसला थांबले आणि आपापसांत हुज्जत घालू लागले. साडेएकवीस पिकेट. बावीस डॉक्टर. साडेबावीस पुन्हा पिकेट.

"खुश?" ओरिन टोपीखालून म्हणाला. "आठ हजार वाढवलेस. स्वतःच्या तोंडाने."

व्हेल्डाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. ती पिकेटकडे बघत होती. वीस वर्षं तिने या माणसाला तिच्या दुकानाच्या गल्ल्यापाशी घासाघीस करताना पाहिलं होतं. त्याची रीत तिला पाठ होती. तो नेहमी बारीक पावलं टाकायचा. पन्नास कमी, अजून पन्नास, अजून पंचवीस. समोरचा दमेपर्यंत. पाचशे-पाचशेच्या पायऱ्यांवर त्याच्याशी कुणी जिंकत नसे. पण एकदा, फक्त एकदा, तिने चिडून दुकानाचं दार उघडलं होतं आणि "सांगाडा घेऊन चालता हो" म्हटलं होतं, तेव्हा त्याने निमूट पुरते पैसे मोजले होते. मोठं पाऊल पडलं की त्याचं गणित विस्कटायचं.

आणि डॉक्टर? डॉक्टरच्या बायकोने त्याची बाही धरली होती. त्याला अजून पुढच्या गाड्या घ्यायच्या होत्या. पाचशे-पाचशेने गेलं तर तो तेवीस, चोवीस, पंचवीस करत नकळत तिच्या सत्ताविसाच्या पुढे निघून जाईल. माणसाला एकेक पायरी चढताना उंची कळत नाही.

"साडेबावीसला तेवीस? बाईसाहेब, तेवीस?" हार्लेसने तिच्याकडे हात केला.

व्हेल्डाने पाटी डोक्यावर धरली.

"सत्तावीस."

हार्लेसची जीभ त्या दिवसात पहिल्यांदाच अडखळली. "काय म्हणालात?"

"सत्तावीस हजार."

ओरिनच्या हातातून सरबताचा पेला निसटला. सबंध मंडपातून एक लांब श्वास गेल्यासारखा आवाज झाला. पिकेटने तोंड उघडलं, बोटांवर काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मान फिरवली. हार्लेसचा माणूस त्याच्यापाशी धावत गेला, कानाशी लागला, पण पिकेटने हाताने माशी हाकलल्यासारखं केलं. एक गेला.

आता सगळे डॉक्टरकडे बघत होते. हार्लेसचा दुसरा माणूस त्याच्यासमोर एक गुडघा टेकून बसला होता. "डॉक्टर, फक्त एक हजार. अठ्ठावीस. अशी गाडी पुन्हा येत नाही."

फेन्विकने मिशीवरून बोट फिरवलं. गाडीकडे बघितलं. मग रांगा ओलांडून व्हेल्डाकडे बघितलं. याच्यावर चढायला तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं. तो हात वर करणार आणि संपणार.

"अठ्ठावीस, डॉक्टर?"

डॉक्टर बायकोशी काहीतरी बोलला. बायको हसली. मग तो उभा राहिला आणि त्या गुडघ्यावरच्या माणसाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाला, "गाडी त्यांना जाऊ द्या. मला त्यांचा फोन नंबर द्या. माझ्या घरी पाच गाड्या आहेत आणि पाचांच्याही गाद्या रद्दी आहेत."

हसण्याच्या गदारोळात हार्लेसचा आवाज आला. "सत्तावीसला एकदा! सत्तावीसला दोनदा! आहे का कुणी? नाही? मग ज्या हातांनी शिवली त्याच हातांना, सत्तावीसला तीनदा!"

हातोडा पडला.

लोक येऊन व्हेल्डाशी हात मिळवत होते. कुणी पाठ थोपटत होतं, कुणी कार्ड मागत होतं. ओरिनने टोपी काढून हातात धरली होती. एवढी वर्षं संसार केला, पण आज त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने लग्नाच्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

"सत्तावीस," तो म्हणाला. "बरोब्बर सत्तावीस. एका दमात."

"तूच तर तीनदा वदवून घेतलंस."

"मी पंधरा म्हणालो होतो."

"ते ऐकलं नाही मी."

कागदपत्रांच्या तंबूबाहेर पिकेट उभा होता. हातात हॅट, चेहऱ्यावर कसंनुसं हसू.

"मला खरंच माहीत नव्हतं गं, ते काम तुझं आहे म्हणून."

"वीस वर्षं माझं काम नेतोस आणि तुला माझी शिवण ओळखता आली नाही?"

त्याने हॅट डोक्यावर चढवली. म्हणाला, "बरं, ती लाल बुइक आणायची होती दुकानात. पुढच्या आठवड्यात चालेल?"

"डॉक्टरसाहेबांच्या पाच आहेत आधी. त्यानंतर मिशिगनवाल्यांची एक. वसंतात फोन कर. आणि भाव फोनवरच ठरेल, दारात नाही."

"वाढलाय का भाव?"

"आजच वाढला. सगळ्यांसमोर. तू होतास की तिथे."

ओरिन एवढ्या जोरात हसला की त्याला ठसका लागला.

गाडीची किल्ली लहानशी होती, साध्या साखळीतली. व्हेल्डाने दार उघडलं आणि क्षणभर उभीच राहिली. सवयीने तिचा हात आधी गोटाच्या शिवणीवरून फिरला, कुठे धागा सुटलाय का बघायला. नव्हता. मग ती आत बसली. पूर्ण वजन टाकून, ऐसपैस, पाठ टेकून. चुण्या तिच्याखाली हळूच दबल्या. घोड्याच्या केसांनी तो जुना, कोरडा करकर आवाज केला. अकरा महिने त्या सीटवर ती वाकून राबली होती, पण सीट बसायला कशी लागते हे तिला आज कळलं. छान लागत होती. तिने अंदाज केला होता त्याहून छान.

गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी होता. पहिल्यांदा मैदानाच्या दाराशी गाडी धक्का देऊन बंद पडली. तिकीट फाडणारा म्हातारा ओरडला, "क्लच हळू सोडा, बाई! लग्नातल्या पहिल्या नाचासारखा!" दुसऱ्यांदा ती चालली. व्ही-आठ इंजिनाची खर्जातली गुणगुण तळपायांतून वर आली आणि दारावरची माणसं हात हलवायला लागली.

सहा नंबरचा रस्ता पश्चिमेला सरळ जातो. केंडलव्हिल मागे पडलं. दोन्ही बाजूंना मका माणसापेक्षा उंच, नुकता पिवळा पडू लागलेला. व्हेल्डाने काच खाली केली, कोपर बाहेर टेकवलं. मागे ओरिनचा ट्रक येत होता, दिवे लुकलुकवत, राजाच्या हत्तीमागे चालणाऱ्या शिपायासारखा. लिगोनियरच्या पुढे मोटारी न वापरणाऱ्या आमिश पंथाचं एक कुटुंब घोड्याच्या बग्गीतून चाललं होतं. तिने वेग कमी करून त्यांना वळसा घातला. लगाम धरलेल्या दाढीवाल्या बापाने मान वळवून हिरव्या गाडीला नाकापासून शेपटीपर्यंत न्याहाळलं आणि गंभीरपणे, पारख करून झाल्यावर करतात तशी मान डोलावली. व्हेल्डाने हॉर्न वाजवला नाही, घोडा बिचकला असता. नुसतं हसून हात उंचावला.

नॅपनी आलं. रेल्वे फाटक, पाण्याची टाकी, घराकडे वळणारी डावीकडची गल्ली. मागून ओरिनने वळण्याचा दिवा लावला.

व्हेल्डाने गल्ली बघितली. टाकीत निम्म्याहून जास्त पेट्रोल होतं, ऊन अजून वर होतं आणि रस्ता पुढे मोकळा होता. ती वळली नाही. मागून ट्रकचा हॉर्न दोनदा वाजला. तिने खिडकीतून डावा हात बाहेर काढला आणि नवऱ्याला खूण केली, चल, मागे मागे ये. आणि तिसरा गिअर टाकला.